खांबेटेने सॅल्यूट ठोकला नव्हता

ऋचाचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. ऋचा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम बघते.

"काका, तुमचा खांबेटे काकांवरचा लेख आम्ही परत छापतोय. ट्रिब्यूट म्हणून."

"कुठला लेख?"

"कुठला म्हणजे? तुमचा एकच तर फेमस आहे. तो सॅल्यूटवाला."

"तो छापू नकोस."

"काका, लेआउट झालंय. फोटोपण टाकलाय. आणि यार, इतका फनी आहे तो. माझे बाबा अजून पार्टीत तो सॅल्यूट करून दाखवतात."

"खांबेटेने सॅल्यूट ठोकला नव्हता. तो मी घातला."

"म्हणजे मेड अप?"

"हो. आणि नुसता सॅल्यूट नाही. मुद्द्याची सगळी गोष्टच."

"ओके. पण काका, आता कोणाला काय फरक पडतो?"

मी कोथिंबीर ठेवून दुकानाबाहेर आलो. तिला म्हणालो, तो लेख काढ, तेवढ्याच पानांत मी दुसरा देतो. तिने विचारलं, "फनी असेल ना?" मी म्हणालो, "खांबेटे जेवढा होता तेवढा असेल."

तो हा लेख.

श्रीनिवास खांबेटे आणि मी न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात बरीच वर्षं शेजारी बसलो. मी टीम लीड होतो, तो सर्व्हर सांभाळायचा. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. फोन उचलला की "हॅलो" म्हणायचा नाही. "खांबेटे ऐकतोय," म्हणायचा. अमेरिकन माणूस असला तर "खांबेटे लिसनिंग". लोक त्या वाक्याची नक्कल करत, पण अडचणीत त्यालाच फोन करत, कारण तो खरोखरच ऐकायचा.

गाडी कुठेही लावायची तर उलटी घालून, तोंड रस्त्याकडे करून. ओक ट्री रोडवर शनिवारी दुपारी पार्किंगसाठी मारामारी चालू असताना हा शांतपणे मागे मागे सरकत जागेत शिरायचा. मागे हॉर्नचा गजर. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, सरळ घाल ना. लोक शिव्या देतायत."

"आत जाताना शिव्या खाल्ल्या की बाहेर पडताना खाव्या लागत नाहीत," तो आरशातून नजर न काढता म्हणाला. "तू बघच, निघताना तूच अडकशील." आणि मी नेहमीच अडकायचो.

त्या काळी सर्व्हरला नाव द्यायचं काम ते सांभाळणाऱ्याकडे असे. कुणी ग्रहांची नावं दिली, कुणी कार्टूनमधली. आमच्या आधीच्या माणसाने त्याच्या कुत्र्यांची दिली होती. खांबेटेने दिली जर्मन युद्धनौकांची: हिपर, शेर, टिर्पिट्झ, श्पे. हे वेड कुठून लागलं असं विचारलं तर तो दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा. मला म्हणाला, डोंबिवलीच्या रद्दीवाल्याकडे एक मासिक मिळालं होतं. माझ्या बायकोला म्हणाला, आजोबांकडून आलं. आमच्या अमेरिकन बॉसला म्हणाला, लग्नानंतर लागलं, घरात शांतता असावी म्हणून.

बॉसला ही नावं पसंत नव्हती. युद्ध, जर्मन, लोकांना आवडणार नाही, असं त्याचं म्हणणं. खांबेटेने त्याला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. ही चारही नावं मुळात माणसांची आहेत. चौघेही पहिल्या महायुद्धातले आरमारी अधिकारी. बोटी नंतरच्या. "त्यांचं नाव घातलेल्या बोटीवर पुढे कुणी कुठला झेंडा लावला, त्याला ते काय करणार? चौघेही तोवर मेले होते. आपण गेल्यावर आपलं नाव कुणी कशाला द्यावं, हे आपल्या हातात नसतं." दुसऱ्या युद्धातल्या एकाही माणसाचं नाव तो घेणार नव्हता. ते त्याने आधीच ठरवलं होतं. बॉसला अर्धं समजलं असावं, पण त्याने मान डोलावली.

नावं वाटताना खांबेटे माणसांचे स्वभाव बघायचा. हिपर म्हणजे पुढे धावणारा, तर सगळ्यांत वेगवान मशीनला ते नाव. जटलंडच्या लढाईत शेर सापळ्यात सापडला आणि त्याने अख्खं आरमार एकदम उलटं फिरवून बाहेर काढलं, म्हणून बॅकअपच्या मशीनचं नाव शेर. "वेळेवर मागे फिरणं हा गुण आहे. आपल्याकडे त्याला पळणं म्हणतात." टिर्पिट्झने आरमार उभं केलं, पण स्वतः कधी ते घेऊन लढाईत गेला नाही. त्याच्या नावाची अवाढव्य बोटही दुसऱ्या युद्धाचा बराचसा काळ नॉर्वेच्या खाडीत उभी राहिली. वरच्या साहेबांनी आम्हाला न विचारता एक महागडं मशीन विकत घेतलं होतं, त्याचा काही उपयोग होत नव्हता. त्याला टिर्पिट्झ हे नाव मिळालं. साहेब मशीनरूममध्ये आले, नावाची पट्टी वाचून खूश झाले, "साउंड्स पॉवरफुल," म्हणाले. खांबेटे म्हणाला, "व्हेरी, सर." त्या दिवशी आम्ही दुपारच्या जेवणात काही बोलू शकलो नाही. नुसते हसत होतो.

आणि श्पे. टेक्सासमध्ये प्लेनोला आमची शाखा होती. तिथे एक मशीन होतं, पण सांभाळायला माणूस नाही. काही बिघडलं की इथून, हजारो मैलांवरून बघायचं. त्याचं नाव श्पे, कारण ॲडमिरल श्पे युद्ध सुरू झालं तेव्हा घरापासून लांब पॅसिफिकमध्ये होता. कोळसा कुठे मिळेल माहीत नाही, मदत येणार नाही हे माहीत आहे. तरी चिलीच्या किनाऱ्याजवळ तो एक लढाई जिंकला. पुढच्याच महिन्यात फॉकलंड बेटांपाशी इंग्रजांनी त्याला गाठलं. लढता लढता बुडाला. त्याची दोन मुलं त्याच ताफ्यात होती, तीही गेली.

"आणि त्याच्या नावाची बोट?" मी विचारलं होतं.

"ती तिच्या कप्तानाने स्वतःच बुडवली. पंचवीस वर्षांनी, माँटेव्हिडिओच्या बाहेर. आधी माणसं उतरवली, मग बोट उडवली. काही दिवसांनी स्वतःला गोळी घातली. गंमत बघ. लढून बुडला तो माणूस. बुडवली ती बोट. आणि आज श्पे म्हटलं की लोकांना बुडवलेलीच आठवते."

हे मला त्याने सांगितलं होतं, हे इथे मुद्दाम लिहितो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आता ती सकाळ. प्लेनोच्या मशीनमधली एक डिस्क चुकीचं लिहायला लागली होती. बंद पडली असती तर परवडलं असतं. ती चालू होती आणि खोटं बोलत होती. एखाद्या बाईच्या नवऱ्याच्या विम्याची रक्कम भलत्याच नावापुढे जात होती, आणि तिथून ती नोंद आमच्या बाकीच्या मशीनांकडे निघाली होती. हे खांबेटेला सगळ्यांत आधी दिसलं. तो माझ्याकडे आला.

"श्पे बंद करायला लागेल. आत्ता."

मी म्हणालो, "आत्ता कशी? तिकडे ऑफिस भरलंय. संध्याकाळपर्यंत थांब."

"संध्याकाळपर्यंत खोटं सगळीकडे पोचेल. मग खरं कुठलं ते कुणाला विचारणार?"

"मी बॉसला विचारतो."

बॉस म्हणाला थांबा. मी खांबेटेला म्हणालो थांब. हे शब्द माझे आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, मी पार्किंगमध्ये अडकायचो तेव्हा बघायचा तसं. मग तो जागेवर गेला आणि फोन उचलला. प्लेनोच्या ऑफिसात त्या मशीनवर काम करणाऱ्या एकेकाला त्याने फोन लावला. ईमेल कुणी वाचत नाही, असं त्याचं मत होतं. "खांबेटे हिअर. प्लीज सेव्ह युअर वर्क अँड स्टेप ऑफ." कुणी हुज्जत घातली, त्याने ऐकून घेतली. कुणी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "आज नाही चालू होणार. घरी जायला हरकत नाही." शेवटचा माणूस बाहेर पडल्याची खात्री झाली तेव्हा त्याने मशीन बंद केलं.

नंतर त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि मला विचारलं, "चहा आहे का रे?"

बस. एवढंच झालं. सॅल्यूट नाही, काही नाही. चहा होता. मी त्याला दिला.

डिस्कवाल्यांचा माणूस आला, त्याने तपासलं आणि सांगितलं की आणखी थोडा वेळ चालू राहिलं असतं तर निस्तरायला महिने लागले असते. खांबेटे बरोबर होता. बॉसने त्याला शाबासकी दिली नाही, कारण हुकूम मोडला होता. मलाही काही बोलला नाही, कारण मी हुकूम पाळला होता.

त्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मी एक विनोदी लेख वाचला. आमच्या ऑफिसातला एक वल्ली, जर्मन बोटींचं वेड, उलटं पार्किंग. इथपर्यंत सगळं खरं होतं आणि लोक हसत होते. पण शेवट जमत नव्हता. खरा शेवट लिहिला तर त्यात "संध्याकाळपर्यंत थांब" म्हणणारा मी येत होतो, आणि त्याला हशा नव्हता. म्हणून मी बदलला. माझ्या लेखात खांबेटे आपल्याच ॲडमिरलांमध्ये गोंधळतो, बंद करायचं एक, करतो भलतंच, टेक्सासचं अख्खं ऑफिस ठप्प होतं, आणि हा पठ्ठ्या काळ्या झालेल्या स्क्रीनपुढे ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकतो. जशी बोट तसा कप्तान, आपलीच बोट बुडवणारा. सॅल्यूट मी स्टेजवर करून दाखवला. कार्यक्रमासाठी घेतलेलं शाळेचं सभागृह अक्षरशः फुटलं. मला आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर तेवढ्या टाळ्या मिळालेल्या नाहीत.

खांबेटे तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारी त्याची बायको, नीला वहिनी, आणि मुलगी मीरा. मीरा तेव्हा शाळेत होती, खुर्चीवर उड्या मारून हसत होती. अध्यक्षांनी खांबेटेला स्टेजवर बोलावलं आणि फुलांचा गुच्छ दिला. तो घेऊन तो माईकजवळ आला.

"ॲडमिरल श्पेलाही जिंकल्यावर अशी फुलं दिली होती," तो म्हणाला. "तो म्हणाला, माझ्या कबरीला उपयोगी पडतील."

लोकांना वाटलं हाही विनोदच. आणखी हसले. मीही हसलो.

बाहेर पार्किंगमध्ये त्याने मला गाठलं. वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "लिमये, वाचलंस छान. पण एक चूक आहे. श्पेने बोट बुडवली नाही. त्याच्या नावाच्या बोटीला दुसऱ्याच माणसाने बुडवलं."

"अरे, गंमत आहे रे."

"हो, ते कळलं." त्याने गाडीचं दार उघडलं. गाडीचं तोंड अर्थातच रस्त्याकडे होतं. "नीलाला खरं माहीत आहे. तिने तुला विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेव." त्याने गाडी सुरू केली आणि एका झटक्यात निघून गेला. मी माझी गाडी काढायला उभा राहिलो तर मागे रांग लागली होती.

नीला वहिनींनी मला कधीच विचारलं नाही. आमच्या घरी येणं तेवढं बंद केलं.

लेख स्मरणिकेत छापून आला. झेरॉक्स फिरल्या, मग ईमेल, मग व्हॉट्सॲप. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात एका अनोळखी माणसाने मला माझीच गोष्ट ऐकवली, नाव बदलून. मी म्हणालो नाही की ही माझी. वाईट म्हणजे, मनातून बरं वाटलं.

पुढे कंपनीने आमचा विभाग बंद केला. मला लगेच दुसरीकडे काम मिळालं. खांबेटेला मिळेना. आमच्या धंद्यात तेव्हा कामं ओळखीवर मिळायची आणि ओळखी मराठी, तेलुगू, गुजराती मंडळींच्या. प्लेनोतल्या एका मराठी मॅनेजरकडे मी स्वतः खांबेटेची शिफारस केली. तो फोनवर खदखदून हसला. "तो सॅल्यूटवाला? अरे बाबा, माणूस भारी असेल, पण माझ्या सर्व्हरला त्याला हात नाही लावू देणार." मी म्हणायला हवं होतं, ती गोष्ट खोटी आहे. मी म्हणालो, "हं, तेही खरंच." मी त्याच्याबरोबर हसलोसुद्धा.

खांबेटेने सार्वजनिक वाचनालयात नोकरी धरली. तिथले कॉम्प्युटर आणि प्रिंटर बघायचा, म्हाताऱ्या माणसांना पासवर्ड बदलून द्यायचा. पगार निम्म्यावर आला. एकदा मी तिथे गेलो तेव्हा तो एका आजींसाठी तिथला प्रिंटर उघडून बसला होता. म्हणाला, "इथे बरं आहे. कुणी मराठी वाचत नाही."

प्रिंटरवर नावाची पट्टी होती: शेर. कागद अडकला की तो उलटा फिरवून बाहेर काढता यायचा, म्हणून.

नीला वहिनी गेल्या त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. खूप उशिरा गेलो. मनाशी ठरवलं होतं, आज सगळं बोलायचं. त्याने चहा केला. समोर बसल्यावर मी सुरुवात केली, "खांबेटे, त्या लेखात मी..."

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मी तिथेच होतो."

तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "शेर आठवतो ना? लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी त्याला इंग्लंडहून आमंत्रण आलं. ज्या इंग्रज ॲडमिरलशी तो लढला त्याचंच. याने जायचं कबूल केलं. जायच्या आधीच मेला. तू निदान पोचलास."

"उशीर झाला."

"झालाच. पण चुकीच्या घरी आलायस. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे जा."

"कुणाकडे?"

"ते मी कशाला शोधू? गोष्ट तू पसरवलीस." हे तो जोरात बोलला. कप खाली ठेवताना चहा सांडला. इतक्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज तेवढाच ऐकला. मग त्याने फडकं आणलं, टेबल पुसलं आणि विचारलं, "अजून घेणार?"

गेल्या हिवाळ्यात खांबेटे गेला. अंत्यविधीला मीरा शिकागोहून आली होती. लोक तिच्याभोवती जमले होते, आठवणी सांगत होते, आणि ज्याची भीती होती ते झालंच. कुणीतरी सॅल्यूट करून दाखवला. मीरा रडता रडता हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, यू वेअर देअर, राइट? डिड ही रिअली डू दॅट?"

मी मान हलवली. हो म्हणून. तो समोर पेटीत होता, आणि मी हो म्हणालो.

ऋचाचा फोन आला त्या दिवशी, कोथिंबीर तशीच टाकून, मी गाडीत बसून आधी मीराला फोन केला. मराठी तिला समजते, बोलत नाही. मी सगळं सांगितलं: डिस्क, फोन, चहा, स्टेज, प्लेनोचा मॅनेजर, आणि तिच्यासमोर हलवलेली मान. ती मध्ये एकदाही बोलली नाही. तिच्या वडिलांची सवय.

शेवटी म्हणाली, "सो ही वॉज राइट. अँड यू न्यू."

"हो."

"ऑल दॅट टाइम."

"हो."

"आय युस्ड टू डू दॅट सॅल्यूट, काका. ॲट डिनर. टू मेक हिम लाफ." थोड्या वेळाने म्हणाली, "ही नेव्हर लाफ्ड." मग तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि यावा अशी अपेक्षा मला नाही.

ऋचाने नंतर विचारलं, दोन्ही लेख शेजारी शेजारी छापू का, लोकांना कम्पेअर करता येईल. मी नाही म्हणालो. दोन्ही छापले तर लोक पहिलाच वाचतील. तो जास्त चांगला लिहिलेला आहे.

ज्यांनी ती गोष्ट पुढे पाठवली, पार्टीत सांगितली, करून दाखवली, त्यांना माझी विनंती आहे: आता हीही सांगा. हशा मिळणार नाही. सांगा तरी. खांबेटे गोंधळला नव्हता. त्याने बंद केलं ते मशीन बंदच करायला हवं होतं. त्याने आधी सगळी माणसं उतरवली. थांब म्हणणारा मी होतो.

त्या चहाच्या दिवशी मी निघालो तेव्हा तो मला सोडायला गाडीपर्यंत आला होता. त्याच्या दारातला रस्ता अरुंद, वळणावरचा, आणि मी नेहमीसारखीच गाडी सरळ आत घातली होती. त्याने ती बघितली, मग मला बघितलं.

"अजून शिकला नाहीस," तो म्हणाला.

"आता काय शिकणार?"

"बस आत. काच खाली घे."

तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पायात घरातल्या सपाता. येणारी एक व्हॅन त्याने तळहात दाखवून थांबवली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. खांबेटेने त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या हाताने तो मला मागे घेत होता: ये, ये, थोडं डावीकडे, ये. गाडी पूर्ण रस्त्यावर आली, सरळ झाली. तेव्हा त्याने उजवा हात कपाळाच्या उंचीपर्यंत वर नेला आणि क्षणभर तसाच धरला.

मी आरशात बघत होतो. तो सॅल्यूट नव्हता. रस्ता मोकळा आहे, निघ, एवढंच तो मला सांगत होता.